चांदबिबी : सुरुंग, दारू आणि खिंडारातली रात्र

इ. स. १५९६ च्या फेब्रुवारीत नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाखाली मोगलांचे पाच सुरुंग दारूने भरून तयार होते. अकबराचा मुलगा शहजादा मुराद बाहेर छावणी देऊन बसला होता. आत निजामशाहीचा वारस म्हणून एक अजाण मूल होते आणि त्याच्या नावाने कारभार पाहणारी पंचेचाळिशीच्या आसपासची एक विधवा स्त्री होती. चांदबिबी. सुरुंगांना एकाच वेळी बत्ती द्यायची, तट पाचही ठिकाणी कोसळला की सैन्य आत घुसवायचे, असा साधा हिशेब होता. तो चुकला, कारण पाचांपैकी काही सुरुंगांच्या पोटातली दारू आदल्या रात्रीच आतल्या लोकांनी उपसून काढली होती.

नगर जिल्ह्यात वाढलेल्या प्रत्येकाने चांदबिबीची गोष्ट शाळेत ऐकलेली असते. त्या गोष्टीत हातातली तलवार असते, चेहऱ्यावरचा बुरखा असतो आणि सोन्याच्या नाण्यांचे तोफगोळे असतात. दारूची गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक तिचा जन्म, तिचे लग्न, तिचा विजय आणि तिच्या पश्चात झालेला किल्ल्याचा पाडाव या सगळ्यांच्या मुळाशी तोफा आणि दारूच आहे.

चांदबिबीचा जन्म १५५० च्या सुमाराचा. वडील हुसेन निजामशहा पहिला, आई खुंझा हुमायून. त्या काळात तोफखान्याच्या बाबतीत निजामशाहीची बरोबरी करणारे राज्य दख्खनेत क्वचितच सापडले असते. तिच्या जन्माच्या आगेमागेच, १५४९ मध्ये, नगरमध्ये महंमद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराने एक प्रचंड पंचधातूची तोफ ओतली. हीच मलिक-ए-मैदान. सुमारे ५५ टन वजनाची, साडेचौदा फुटांच्या आतबाहेर लांबीची, हत्तीला जबड्यात धरलेल्या श्वापदाच्या तोंडाची ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यावरून विजापूरला नेण्यात आली आणि आजही तेथील बुरुजावर आहे. विजापूरला जाणारे पर्यटक तिला विजापूरचीच समजतात. ती नगरची लेक आहे, हे नगरकरांनाही अनेकदा सांगावे लागते. योगायोग असा की चांदबिबीही नगरहून विजापूरला गेली. फरक एवढाच, की ती परत आली.

हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात नगरच्या मातीच्या किल्ल्याला दगडी तट बांधला. बावीस बुरूज, भोवती रुंद खंदक आणि गोलाकार आखणी. डोंगरी किल्ल्याला कड्याचे संरक्षण असते. सपाटीवरच्या भुईकोटाला ते नसते. तेथे शत्रू तटाला भिडू शकतो आणि तटाच्या खाली जमिनीतूनही येऊ शकतो. म्हणून भुईकोटाचे भवितव्य दोनच गोष्टींवर ठरत असे : बुरुजावरच्या तोफेत किती दारू आहे आणि तटाखालच्या सुरुंगात किती दारू आहे.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. तोफेत दारू किती भरावी हा त्या काळातला जिवावरचा प्रश्न होता. सोरा, गंधक आणि कोळसा हाताने कुटून केलेल्या दारूचा एक घाणा दुसऱ्यासारखा उतरत नसे. कोळसा वेगळ्या लाकडाचा झाला, सोऱ्यात मीठ राहिले, पावसाळ्यात कोठाराला ओल आली की तेच माप वेगळाच जोर दाखवी. दारू कमी पडली तर गोळा खंदकापलीकडेच आपटायचा. जास्त झाली तर तोफच फुटायची आणि भोवतीच्या गोलंदाजांच्या चिंधड्या उडायच्या. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० मध्ये वेढा घालून बसला असता शेजारी फुटलेल्या त्याच्याच तोफेने मेला. म्हणून शहाणा गोलंदाज अनोळखी तोफ किंवा नवी दारू हाती आली की थोड्या मापापासून सुरुवात करी, कानात रंजक भरून दूर उभा राही आणि तोफेचा आवाज, धक्का आणि पल्ला पाहून मगच माप वाढवी. परदेशात पिस्तुलाची काडतुसे घरी भरणारे नेमबाज आजही हाच नियम पाळतात. पिस्तुलाच्या लहानशा काडतुसात दाण्याइतकी दारू जास्त झाली तरी हातातले हत्यार फुटू शकते, म्हणून छापील तक्त्यातल्या किमान मापापासून आरंभ करावा आणि पायरीपायरीने वर जावे, अशी त्यांची शिस्त असते. सोळाव्या शतकातल्या गोलंदाजाकडे तक्ता नव्हता. त्याचा तक्ता म्हणजे उस्तादाने सांगितलेले आणि स्वतःच्या कानांनी ऐकलेले एवढेच. रूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुर्की उस्तादांना दख्खनेत एवढी किंमत होती ती त्यामुळेच.

चांदबिबीचे लग्न हा एका लष्करी कराराचा भाग होता. विजयनगरच्या रामरायाच्या विरोधात दख्खनचे सुलतान एकत्र येत होते. नगर आणि विजापूर यांच्यातले हाडवैर मिटावे म्हणून १५६४ च्या सुमारास हुसेनने आपली मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली. भांडणाचे मूळ असलेला सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. उलट बाजूने अलीची बहीण हदिया सुलताना नगरच्या मुर्तजाला, म्हणजे चांदबिबीच्या भावाला, देण्यात आली. या सोयरिकीवर उभ्या राहिलेल्या आघाडीने २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटची लढाई जिंकली. त्या दिवशी मधल्या फळीत हुसेन निजामशहाचा तोफखाना चेलेबी रूमीखानाच्या हाताखाली होता. फरिश्ता सांगतो, की विजयनगरचे सैन्य अगदी जवळ येऊन भिडले तेव्हा रूमीखानाने तोफांत गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरून डागल्या आणि समोरची फळी कापून निघाली. नाण्यांचा हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण तीस वर्षांनी तो पुन्हा येणार आहे.

विजापूरच्या दरबारात चांदबिबी सोळा वर्षे राणी होती. तिला अपत्य नव्हते. फारसी, अरबी, तुर्की यांबरोबर मराठी आणि कानडी तिला येत होती, ती वीणा वाजवी आणि फुलांची चित्रे काढी, असे परंपरा सांगते. घोड्यावर बसून ससाणा घेऊन शिकारीला निघालेली चांदबिबी हा तर दख्खनी चित्रकारांचा आवडता विषय झाला. पण तिचे खरे शिक्षण नवऱ्याच्या बरोबरीने राज्यकारभार पाहण्यात झाले असावे. १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम बसला आणि चांदबिबी त्याची पालक झाली.

पुढची दोन-तीन वर्षे म्हणजे सरदारांच्या चढाओढीची लांबलचक यादी आहे. कामिलखान गेला, किश्वरखान आला. किश्वरखानाने तर राणीवरच आरोप ठेवून तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. हबशी सरदारांनी त्याला हुसकावले आणि इखलासखानाने तिला सन्मानाने परत आणले. एवढ्यात नगर आणि गोवळकोंड्याच्या फौजा विजापूरच्या तटाला येऊन भिडल्या. माहेरचे सैन्य बाहेर आणि आपण आत, असा प्रसंग फार थोड्या राण्यांवर आला असेल. तो वेढा उठला, पण सत्ता दिलावरखानाच्या हाती गेली आणि १५८४ च्या सुमारास चांदबिबी माहेरी निघून आली. निमित्त होते इब्राहीमच्या बहिणीच्या नगरमधल्या लग्नाचे.

माहेरची स्थिती सासरपेक्षा वाईट होती. भाऊ मुर्तजा निजामशहाच्या डोक्यावर परिणाम झालेला. त्याला १५८८ मध्ये त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने, हमामखान्यात कोंडून मारले. वर्षभरात मीरानचाही खून झाला. मग इस्माईल, मग बुऱ्हाण, मग इब्राहीम. १५९५ मध्ये इब्राहीम निजामशहा विजापूरकरांशी लढताना पडला आणि नगरमध्ये एकाच वेळी चार गट चार वारस घेऊन उभे राहिले. मियान मंजूने अहमद नावाचा मुलगा गादीवर बसवला. तो राजवंशातलाच नाही असे निघाले. इखलासखानाने मोती नावाचा दुसरा पुढे केला. अभंगखान हबशाने बुऱ्हाण पहिल्याचा वृद्ध मुलगा शाह अली याला उभे केले. चांदबिबीने इब्राहीमचा तान्हा मुलगा बहादूर याचा हक्क मांडला. कायद्याने पाहिले तर तिचीच बाजू खरी होती, पण तिच्यापाशी फौज सगळ्यांत थोडी होती.

या भांडणात मियान मंजूने जे केले त्याला इतिहासाने क्षमा केलेली नाही. किल्ल्यात कोंडला गेला असता त्याने गुजरातेत असलेल्या मुरादला मदतीसाठी बोलावले. मुराद निघाला तोवर मंजूने शत्रूंना हरवले होते आणि त्याला पश्चात्तापही झाला होता. पण बोलावलेले मोगल परत कसे पाठवणार? किल्ला चांदबिबीच्या हवाली करून तो मदत आणायला म्हणून निघून गेला.

१५९५ च्या डिसेंबरअखेर मोगल सैन्य नगरसमोर येऊन ठेपले. मुरादबरोबर खानखानान अब्दुर्रहीम होता, म्हणजे ज्याचे दोहे आपण रहीम म्हणून ओळखतो तोच. शाहबाजखान होता, सादिकखान होता, खानदेशचा राजा अलीखान होता. शहरातल्या रयतेला अभयाचा कौल दिला गेला होता, तरीही शाहबाजखानाने लूट केली. एका परीने त्याचा चांदबिबीला फायदा झाला. मोगलांच्या शब्दाला किती किंमत द्यायची हे लोकांना कळून चुकले. इकडे चांदबिबीने बाकीच्या गटांना पत्रे धाडली, विजापूर-गोवळकोंड्याकडे मदत मागितली. अभंगखान रात्रीच्या अंधारात मोगलांची फळी कापून आत आला. विजापूरकडून सुहेलखान फौज घेऊन नळदुर्गाकडे जमला.

मोगल तटाशी भिडले ते जमिनीखालून. सुरुंग खणण्याचे काम तोफ डागण्यापेक्षा सावकाशीचे असते. लांबून भुयार खणत न्यायचे, तटाच्या पायाखाली पोकळी करायची, ती दारूने भरायची आणि तोंड दगडचुन्याने बंद करून फक्त बत्तीची वाट ठेवायची. तोंड नीट बंद झाले नाही तर स्फोटाचा जोर तटाकडे न जाता मागच्या मागे भुयारातून निघून जातो. म्हणजे येथेही मापाबरोबर कोंडणीला महत्त्व आहे, तोफेत आहे तसेच. मुरादच्या माणसांनी हे सारे नीट केले होते.

पण छावणीत एकोपा नव्हता. मुराद आणि सादिकखान एकीकडे, खानखानान दुसरीकडे. यशाचे श्रेय खानखानानला मिळू नये म्हणून त्याला पुरते न कळवताच शहजाद्याने हल्ल्याची तयारी केली. आणि त्याच छावणीत ख्वाजा महंमदखान शिराझी नावाचा एक गृहस्थ होता. किल्ल्यातल्या लोकांची त्याला कीव आली. रात्री तो तटापाशी गेला आणि सुरुंग कोठे कोठे आहेत ते त्याने आतल्यांना सांगितले. स्वतःच्या बाजूशी केलेली ही फितुरीच होती. पण नगरच्या इतिहासात या माणसाचे नाव आजच्यापेक्षा ठळक असायला हवे होते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

चांदबिबीने वेळ घालवला नाही. तिच्या देखरेखीखाली आतून उलटी भुयारे खणायला सुरुवात झाली. काळोख, कोंदट हवा, पलीत्याची ठिणगी पडली तर सगळेच संपणार. दिवस उजाडून वर येईपर्यंत दोन सुरुंग निकामी झाले होते. त्यांतली दारू बाहेर काढली गेली होती. तिसरा सर्वांत मोठा. त्यातली दारू काढण्याचे काम चालू असतानाच बाहेर मुरादने सैन्य उभे केले आणि बत्ती देण्याचा हुकूम सोडला. आत भुयारात उतरलेली माणसे जागच्या जागी ठार झाली. तटाचा कित्येक गज भाग दगडांसह आकाशात उडाला. त्या भुयारकऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

खिंडार पडताच किल्ल्यातले काही सरदार पळायच्या तयारीला लागले. त्याच वेळी चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा ओढून, उपसलेली तलवार हाती घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली, असे फरिश्ता लिहितो. फरिश्ता हा तिचा समकालीन. त्याने काही काळ नगरच्या दरबारात चाकरी केली होती आणि पुढे तो विजापूरला होता. त्यामुळे त्याच्या वर्णनाला वजन आहे. पळणारे लाजेने परतले. पुढे जे झाले त्याचे कारण मात्र केवळ शौर्य नव्हे. मोगलांची हल्ल्याची तुकडी बाकीचे सुरुंग उडण्याची वाट पाहत थांबून राहिली. ते उडणार कसे? त्यांतली दारू आत किल्ल्यात होती. या थांबण्यात जो वेळ गेला तेवढ्यात चांदबिबीने खिंडाराच्या दोन्ही अंगांना तोफा लावल्या, बाण आणि पेटते हुक्के मांडले. दुपारपासून अंधार पडेपर्यंत मोगल पुन्हा पुन्हा चढून आले आणि पुन्हा पुन्हा मागे गेले. खंदक प्रेतांनी भरून आला.

रात्री लढाई थांबली. चांदबिबी मात्र जागची हलली नाही. मशालींच्या उजेडात दगड, माती, लाकूड, मिळेल ते घालून खिंडार बुजवण्याचे काम तिने करवून घेतले. सकाळी मोगलांनी पाहिले तर नवा सुरुंग खणल्याखेरीज चढता येऊ नये इतकी उंच भिंत समोर उभी होती. त्या दिवसापासून लोक तिला चांदबिबीऐवजी चांद सुलताना म्हणू लागले.

आता नाण्यांची गोष्ट. गोळे संपले तेव्हा तिने तोफांत आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी दागिने भरून डागले, ही कथा खाफीखानाने लिहिली. तो या घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहीत होता. जवळून भिडलेल्या गर्दीवर नाण्यांचा मारा परिणामकारक होतो यात शंका नाही. तालिकोटला हुसेन निजामशहाच्या तोफखान्याने तेच केले होते. पण तिथे तांबे होते. बापाच्या लढाईतली तांब्याची नाणी लोकांच्या आठवणीत मुलीच्या लढाईत येऊन सोन्याची झाली असावीत, असे आम्हांस वाटते. कथा खोटी म्हणून टाकून द्यावी असे नाही. पण सोन्याच्या मोहरांपेक्षा त्या दोन रिकाम्या सुरुंगांनी किल्ला अधिक वाचवला, हे मान्य करायला हवे.

सुहेलखानाची फौज जवळ येत होती, मोगल छावणीत धान्य-वैरण संपत आली होती. किल्ल्यातही उपासमारच होती. मुरादने तहाची बोलणी लावली. वऱ्हाड मोगलांना द्यायचे आणि बहादूरला निजामशहा म्हणून मान्यता मिळवायची, असे ठरले. चांदबिबीने प्रथम नकार दिला, पण मदतीची खात्री न वाटल्याने अखेर मान्यता दिली. पुष्कळांनी यावरून तिला दोष दिला आहे. एक अख्खा प्रांत गेला हे खरेच. परंतु तटात नुकते बुजवलेले खिंडार, कोठारात उरलेली मोजकी दारू आणि आपसात भांडणारे सरदार एवढ्या भांडवलावर यापेक्षा बरा तह कोणी केला असता, हे त्या टीकाकारांनी सांगितलेले नाही.

शांतता चार वर्षेही नीट टिकली नाही. पेशवा नेमलेला महंमदखान सत्ता बळकावू लागला. त्याला काढून अभंगखानाला नेमले तर तोही तिच्यावर उलटला आणि त्याच्यासमोर तिला किल्ल्याचे दरवाजे बंद करून घ्यावे लागले. वऱ्हाडच्या हद्दीवरून तंटा उठला. १५९७ मध्ये गोदावरीच्या परिसरात खानखानानने सुहेलखानाच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्या लढाईत खानदेशचा राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना पडला. १५९९ मध्ये मुराद मद्यपानाने मेला. अकबराने धाकटा मुलगा दानियाल याला पाठवले आणि १६०० मध्ये नगरला पुन्हा वेढा पडला. अभंगखान मोगलांना घाटात अडवायला गेला, पण बेत फसताच जुन्नरकडे निघून गेला.

यावेळी चांदबिबीने दुसरा हिशेब केला. मदत येणार नव्हती. किल्ला देऊन टाकावा, बहादूरला आणि खजिना घेऊन जुन्नरला जावे, राज्य डोंगरात जिवंत ठेवावे, असा विचार तिने किल्ल्यातला अधिकारी जीताखान खोजा याच्यापाशी बोलून दाखवला. लढावे कधी आणि थांबावे कधी हे चार वर्षांपूर्वी तिला कळले होते, तसे आताही कळले होते. पण जीताखान रस्त्यावर धावला आणि राणी मोगलांना फितूर झाली अशी ओरड त्याने केली. बिथरलेला जमाव तिच्या महालात शिरला आणि जुलै १६०० मध्ये चांदबिबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. जी १५९६ मध्ये खिंडारात उभी राहिली तिच्यावर फितुरीचा आरोप चिकटतो कसा, याचे आश्चर्य वाटते. पण महिनोन्महिने कोंडलेल्या माणसांना कारण पुरावे लागत नाही.

ऑगस्टमध्ये मोगलांनी पुन्हा सुरुंग उडवले. या खेपेस सुरुंगांची बातमी देणारा कोणी आला नाही आणि दारू उपसणाऱ्यांना उभे करणारेही कोणी उरले नव्हते. तट कोसळला, किल्ला पडला, जीताखान आणि शिबंदी कापली गेली. लहानगा बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी झाला. निजामशाही मात्र लगेच संपली नाही. मलिक अंबरने दुसरा मुर्तजा गादीवर बसवून ती डोंगराच्या आडोशाने कितीतरी वर्षे लढवली, म्हणजे साधारणपणे चांदबिबीला जे करायचे होते तेच केले.

मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली. तिच्या मातृभूमीत तिची आठवण मात्र चुकीच्या जागी जाऊन बसली आहे. नगरपासून सुमारे तेरा किलोमीटरवर शाह डोंगरावर अष्टकोनी तीनमजली इमारत आहे, तिला सारे चांदबिबीचा महाल म्हणतात. सहली तेथे जातात, फोटो निघतात. ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबी जिथे लढली आणि जिथे मेली तो भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू तेथे बंदिवासात होते म्हणून तो अधिक ओळखला जातो. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. तटाचा कोणता भाग त्या फेब्रुवारीत उडाला होता आणि एका रात्रीत पुन्हा रचला गेला, ते दाखवणारी एखादी पाटी किल्ल्यात लागली तर शाह डोंगरावर जाणाऱ्या सहलींना खऱ्या जागेचा पत्ता तरी मिळेल.